ग्रॉस, टेअर, नेट : काट्याच्या पावतीवरून इंग्रजीचा पहिला धडा



आपल्याला इंग्रजी येत नाही असे आपण म्हणतो. पण ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटार, स्टार्टर, फ्यूज, पाइप, बिल, बँक, चेक, सोसायटी हे शब्द दिवसभर आपल्याच तोंडात असतात. शब्द कानाला ठाऊक आहेत. अडचण आहे ती डोळ्याची. तोच शब्द कागदावर इंग्रजी अक्षरांत आला की आपण कागद पोराच्या हातात देतो. आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असे, आणि तोवर शाळा सुटलेले आपल्यात पुष्कळ आहेत. त्यात लाजायचे काही नाही. पण पोरगं पुण्याला गेलेलं असलं, तर कागद वाचायचा कुणी?

आधी २६ अक्षरे ओळखावीत. सुरुवातीला मोठी लिपी तेवढी पुरे. मात्र ‘ए फॉर ॲपल’ने आरंभ करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सफरचंद काही आपल्या रानात पिकत नाही. आपल्या रानातून निघतो ऊस, आणि त्याच्यामागे येते ती काट्याची पावती. तीच आपली पहिली अंकलिपी.

पावतीवर तीन शब्द पाहा. जी-आर-ओ-एस-एस, ग्रॉस : म्हणजे भरलेल्या गाडीचे वजन. टी-ए-आर-ई, टेअर : रिकाम्या गाडीचे वजन. शेवटचा ‘ई’ उच्चारात येत नाही. एन-ई-टी, नेट : वजा जाता राहिलेले, म्हणजे आपला ऊस. समजा, ग्रॉस २२.४५० टन आणि टेअर ७.२५० टन आहे, तर नेट १५.२०० टन. आता टेअरच्या जागी ७.२५० ऐवजी ७.५५० पडले, तर ३०० किलो ऊस कागदावरच नाहीसा झाला. टनाला ३,००० रुपये धरले तरी एका खेपेला ९०० रुपये गेले. ज्याला ‘टेअर’ हा शब्द दिसतो तोच विचारू शकतो, “का हो, रिकामी गाडी एवढी जड कशी?” हल्ली बऱ्याच ठिकाणी वजनाचा मेसेज मोबाइलवर येतो, त्यातही हेच शब्द असतात.

‘नेट’ पुढे बिलावर पुन्हा भेटतो. तिथे ग्रॉस अमाउंट म्हणजे उसाची एकूण रक्कम, डिडक्शन म्हणजे कपात आणि नेट अमाउंट म्हणजे हातात पडणारे पैसे. वजनाचे असो की पैशाचे, हिशेब तोच. पावतीवर प्लांट लिहिले असेल तर ती लागण, रॅटून लिहिले असेल तर खोडवा. प्लांट म्हणजे कारखान्याची यंत्रसामग्रीही होते, तेव्हा शब्द कुठे बसला आहे ते पाहूनच अर्थ घ्यावा.

‘डिडक्शन’ची शेपटी लक्षात ठेवा : टी-आय-ओ-एन. वाचायची मात्र ‘शन’. ही एक शेपटी डोळ्यात बसली की स्टेशन, इरिगेशन, फेडरेशन, कॉर्पोरेशन ही सगळी मंडळी ओळखीची होतात. लिहिणे एक आणि वाचणे एक, ही इंग्रजीची जुनी खोड आहे. आपली साखरच घ्या. एस-यू-जी-ए-आर असे लिहून वाचायचे शुगर! हा शब्द मूळचा आपल्या ‘शर्करा’चाच. फारसी, अरबी असा फिरत फिरत तो तिकडे गेला. तेव्हा इंग्रजीचा फार बाऊ करू नये.

आता जिवाशी गाठ असलेले शब्द. औषधाच्या बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लाल आणि पिवळा या दोन्हींवर पी-ओ-आय-एस-ओ-एन, पॉयझन, म्हणजे विष असे छापलेले असते. लालवर कवटीही असते. पिवळ्यावर कवटी नाही म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. निळ्यावर डेंजर, म्हणजे धोका. हिरव्यावर कॉशन, म्हणजे जपून; शेवटी तीच ‘शन’ची शेपटी. दुकानदार बाटली फिरवून दाखवत नाही, ती आपणच फिरवावी आणि ई-एक्स-पी-आय-आर-वाय, एक्सपायरी, या शब्दापुढची तारीख पाहावी. ती उलटून गेली असेल तर बाटली परत करावी. अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा. तो वाचून घरी उपचार करत बसू नये. फवारताना कुणाला बाधा झाली तर माणसाबरोबर बाटली किंवा तिचे लेबलही दवाखान्यात न्यावे, म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेले ते कळते.

आणखी एक शब्द, गॅरंटर. जी-यू-ए अशी सुरुवात दिसली की थांबावे. हा जामीनदार. “नुसती सही करा, आबा” असे म्हणून कागद पुढे येतो. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. शेजारी सी-ओ-एन-एस-ई-एन-टी, कन्सेंट, असेल तर ती संमती. कशाला संमती, ते आधी वाचून घ्यावे.

पुढच्या अंकापर्यंत एवढा अभ्यास करावा : गेल्या हंगामातली एक पावती, एक बिल आणि औषधाचे एक लेबल समोर घ्यावे. रिकाम्या बाटलीला हात लावू नये, दुकानातून मिळणारे माहितीपत्रक चालेल. वर आलेले शब्द पेन्सिलीने गोल करावेत आणि वहीत तीन-तीनदा लिहावेत. वहिनींनी खताच्या पोत्यावर ‘नेट’ कुठे छापले आहे ते शोधावे. पुढच्या वेळी बँकेच्या पासबुकातले शब्द घेऊ.