फुलवालीचे पुढे काय झाले?

गोष्ट वाचून संपली की वाचकाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पुढे काय झाले, हा पहिला. आणि तिने असे का केले, हा दुसरा. पहिला प्रश्न कुतूहलाचा आहे, दुसरा अभ्यासाचा. बहुतेक लेखक या प्रश्नांच्या वाटेला जात नाहीत. पुस्तक छापून झाले की ते बाजूला होतात आणि वाचकाला आपल्या बुद्धीवर सोडून देतात. जॉर्ज बर्नार्ड शॉ हे मात्र गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. आपल्या 'पिग्मॅलियन' या नाटकातील एका मुलीच्या मनात काय होते, तिने कोणाशी लग्न केले आणि कोणाशी का केले नाही, यावर ते आपल्या प्रेक्षकांशी कित्येक वर्षे वाद घालीत राहिले. लेखक आणि वाचक यांच्यातील हा वाद आज आपण अभ्यासासाठी घेऊ. त्यात आपल्यासारख्या भाषा बदलून राहिलेल्या लोकांनी विचार करावा असे पुष्कळ आहे.

प्रथम कथानक थोडक्यात सांगतो. एलायझा डूलिटल ही लंडनच्या रस्त्यावर फुले विकणारी गरीब मुलगी. हेन्री हिगिन्स हा उच्चारशास्त्राचा प्राध्यापक. माणूस तोंड उघडताच तो कोणत्या वस्तीतला आहे हे हिगिन्स सांगू शकतो. या मुलीला सहा महिन्यांत सरदार घराण्यातील बाईसारखे बोलायला शिकवीन, अशी बढाई तो मारतो आणि त्याचा मित्र कर्नल पिकरिंग पैज लावतो. हिगिन्स पैज जिंकतो. पण जिंकल्याच्या रात्री तो एलायझाकडे ढुंकूनही पाहत नाही. आपल्या सपाता कुठे आहेत एवढेच विचारतो. त्याच सपाता एलायझा त्याच्या अंगावर फेकते आणि त्याच रात्री त्याचे घर सोडते. शेवटी हिगिन्स तिला बाजारातून काही वस्तू आणायला सांगतो, ती साफ नकार देऊन निघून जाते, आणि ती आणीलच अशा खात्रीत हिगिन्स रंगमंचावर उरतो. १९१६ साली छापलेल्या प्रतीत नाटक येथे संपते.

हे नाटक शॉ यांनी १९१२ साली लिहिले. त्याचा पहिला प्रयोग १९१३ साली व्हिएन्नामध्ये जर्मन भाषेत झाला आणि एप्रिल १९१४ मध्ये ते लंडनला आले. तेथे हिगिन्सची भूमिका हर्बर्ट बिअरबोम ट्री करीत असत, तर एलायझाची मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल. प्रेक्षकांना नायक-नायिकेचे मीलन हवे होते आणि ट्री यांना प्रेक्षकांची नाडी ठाऊक होती. संवाद संपल्यावर पडदा पडण्यापूर्वी ते एलायझाकडे फुले फेकू लागले. एक शब्दही न बदलता त्यांनी नाटकाचा शेवट बदलला! शॉ संतापले. ट्री यांचे म्हणणे असे की, या शेवटामुळे पैसा मिळतो, तेव्हा लेखकाने आभारच मानावेत. शॉ यांचे म्हणणे असे की, असा शेवट करणाऱ्याला गोळी घातली पाहिजे.

मग १९१६ साली नाटक पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा शॉ यांनी त्याला एक लांबलचक उत्तरकथन जोडले. त्यात ते वाचकांना सरळ सांगतात की, एलायझाने हिगिन्सशी नव्हे, तर फ्रेडी या साध्याभोळ्या, निर्धन तरुणाशी लग्न केले. केवळ एवढे सांगून ते थांबत नाहीत, कारणे देतात. हिगिन्सची आई बुद्धिमान, सुसंस्कृत आणि प्रेमळ आहे. तिच्या तोलाची दुसरी स्त्री त्याला दिसतच नाही, हे पहिले कारण. एलायझा ही मानी आहे; हिगिन्सच्या आयुष्यात आई, मिल्टन कवी आणि उच्चारशास्त्र यांच्यानंतरची जागा ती पत्करणार नाही, हे दुसरे. आणि तिसरे कारण सर्वांत खोल आहे. ग्रीक कथेतील शिल्पकार पिग्मॅलियन आपल्याच हातच्या मूर्तीवर प्रेम करतो आणि ती सजीव होते. शॉ विचारतात, त्या मूर्तीच्या मनाचे काय? ज्याने आपल्याला घडविले, तो माणूस आपल्यापुढे जन्मभर देवासारखा उभा राहणार असेल, तर त्याच्याबरोबर संसार करणे सुखाचे होईल काय?

आता अभ्यासू वाचकाने काय करावे? लेखक सांगतो म्हणून मान डोलवावी, असे आम्हांस वाटत नाही. लेखकाने मागाहून दिलेले कारण आधी लिहिलेल्या नाटकात सापडते की नाही, हे पडताळून पाहावे. एलायझा हिगिन्सकडे प्रथम येते ती कोणी बोलावले म्हणून नव्हे. ती स्वतःच्या पायांनी येते. रस्त्याच्या कोपऱ्यावर फुले विकण्याऐवजी तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी आहे आणि तिची बोली ऐकून तिला कोणी ठेवून घेत नाही. म्हणून ती शिकवणीची फी देऊ करते, एका धड्याला एक शिलिंग. हिगिन्स हिशेब करून सांगतो की, तिच्या कमाईच्या मानाने हा शिलिंग म्हणजे लक्षाधीशाच्या साठ-सत्तर गिनी झाल्या. म्हणजे पहिल्या भेटीत ती भीक मागत नाही, दाम मोजते. अशी मुलगी शेवटी सपाता उचलायला परत जाणार नाही, हे शॉ यांचे म्हणणे नाटकातच पेरलेले आहे. येथे लेखकाची बाजू भक्कम आहे.

परंतु फ्रेडीचे काय? फ्रेडी नाटकात येतो तो पावसात टॅक्सी शोधण्यासाठी आणि एलायझावर भाळण्यासाठी. तो तिला रोज पत्रे लिहितो हे खरे, आणि रागाच्या भरात ती हिगिन्सला सांगते की मी फ्रेडीशी लग्न करीन, हेही खरे. पण रागाच्या भरातले बोलणे म्हणजे निश्चय नव्हे. लग्नानंतर पिकरिंगच्या पैशावर त्यांनी फुलांचे दुकान काढले, हिशेब येईना म्हणून नवराबायको वर्गात जाऊन बसले, फुलांच्या जोडीला भाजीही विकू लागले, हा सर्व तपशील उत्तरकथनात गोड आहे. पण तो रंगमंचावर घडलेला नाही. वाचकाला येथे मतभेदाचा हक्क आहे. आमचे सूत्र असे: पात्राने काय केले नसते, हे लेखक नाटकाच्या आधाराने सिद्ध करू शकतो, पडदा पडल्यावर तिने काय केले, हे त्याने सांगितले तर ती दुसरी गोष्ट होते आणि ती वेगळी तोलून घ्यावी लागते.

वाद तेथे संपला नाही. १९३८ साली चित्रपट निघाला, त्याची पटकथा शॉ यांनीच लिहिली होती. तरीही पडद्यावर शेवटी एलायझा हिगिन्सच्या खोलीत परत येते. गंमत अशी की, त्या पटकथेच्या ऑस्कर पारितोषिकात शॉ यांचाही वाटा होता! १९४१ च्या आवृत्तीत त्यांनी मूळ नाटकाचा शेवट आणखी स्पष्ट केला. तेथे हिगिन्स स्वतःच हसत हसत सांगतो की, ती फ्रेडीशी लग्न करणार आहे. १९५० साली शॉ वारले. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक आले, त्यात एलायझा पुन्हा परतली. त्याचे लेखक ॲलन जे लर्नर, न्यूयॉर्कच्या एका यहुदी कुटुंबातले, यांनी आपल्या पुस्तकात नम्रपणे लिहिले की, शॉ यांचे उत्तरकथन आपण गाळले आहे, कारण त्यांचे म्हणणे बरोबर आहे अशी आपली खात्री पटत नाही. त्याबद्दल शॉ आणि परमेश्वर यांनी क्षमा करावी.

लग्न कोणाशी, या एका प्रश्नावर चाळीस वर्षे भांडण झाले. आमच्या मते, यात नाटकाचा खरा प्रश्न झाकला गेला. तो प्रश्न हिगिन्सच्या आईने तिसऱ्याच अंकात विचारला आहे: पैज संपल्यावर या मुलीचे करायचे काय? दोघा विद्वानांना ही अडचण दिसतच नाही. एलायझाला ती चौथ्या अंकात कळते. आता ती कोपऱ्यावर टोपली घेऊन बसू शकत नाही, कारण तिची वाणी आणि वेश तेथला राहिला नाही. दिवाणखान्यात ती शोभते, पण तेथे राहण्याइतका पैसा आणि नाते तिच्याजवळ नाही. भाषा मिळाली, जागा मिळाली नाही. पाचव्या अंकात ती स्वतःची तुलना परमुलखात आणलेल्या मुलाशी करते. असे मूल काही आठवड्यांत तेथली भाषा उचलते आणि आपली विसरते. आता आपल्याला तुमच्या भाषेखेरीज दुसरी येत नाही, असे ती पिकरिंगला सांगते. आणि गंमत पाहा, थोड्याच वेळात तिचा बाप अचानक पुढे उभा राहतो, तेव्हा तिच्या तोंडून जुन्या वस्तीतली तीच आरोळी निघते. विसरलेली भाषा बापाला पाहताच परत येते!

वाचकहो, हे शॉ यांना कसे सुचले असेल? त्यांचा जन्म डब्लिनचा. १८७६ साली विशीत ते लंडनला आले आणि आयर्लंडची बोलण्याची ढब त्यांनी बरोबर आणली. उच्चारावरून माणसाची किंमत कशी ठरते, हे त्यांनी परक्या शहरात राहून पाहिले होते. आपल्यालाही ते नवे नाही. उल्पानच्या वर्गात 'खेत' आणि 'रेश' घशातून काढण्याची खटपट ज्यांनी चाळिशीत केली, त्यांना एलायझाचे धडे समजावून सांगावे लागत नाहीत. दुकानात, कचेरीत, बसमध्ये दोन शब्द बोलताच समोरचा मनुष्य विचारतो, "कुठून आलात?" त्यात कधी आपुलकी असते, कधी मोजमाप. आणि पुष्कळ घरांत हिगिन्स हा कोणी प्राध्यापक नसतो. आपलाच नातू असतो. तो आजीचा हिब्रू शब्द हसत दुरुस्त करतो, पण आजीचे मराठी त्याला कळत नाही.

येथे पिकरिंगची आठवण ठेवावी. एलायझा म्हणते की, तिचे खरे शिक्षण उच्चारांनी झाले नाही. पिकरिंगने पहिल्या दिवशी तिला "मिस डूलिटल" अशी आदराने हाक मारली, तेथून ते सुरू झाले. फुलवाली आणि कुलीन स्त्री यांतला फरक त्यांच्या वागण्यात नसून लोक त्यांना कसे वागवितात यात आहे, असा तिचा निष्कर्ष आहे. हिगिन्सने वाणी दिली, पिकरिंगने मान दिला. शॉ यांनी दोन शिक्षक का निर्माण केले, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते.

ही कथा आपल्या दोन्ही भाषांत आलेली आहे. १९६४ साली तेल अवीवला जिओरा गोदिक यांनी 'माय फेअर लेडी' हिब्रूत उभी केली. रिव्हका राझ एलायझा आणि शाय के. ओफिर हिगिन्स. दान अल्मागोर आणि श्रागा फ्रीडमन यांनी भाषांतर करताना उच्चाराच्या गाण्यातला स्पेनचा पाऊस काढून तेथे गारा पाडल्या, कारण हिब्रूच्या जिभेला तो सराव हवा होता. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणली. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली, ते तिला विसरले नाहीत. तेथे लढाई 'ण' आणि 'न' यांच्यासारख्या आपल्या घरच्या वर्णांची आहे. शब्दांचे भाषांतर करून हे नाटक दुसऱ्या भाषेत जात नाही. त्या भाषेत कोण कोणाच्या बोलण्याला हसतो, हे शोधावे लागते.

मंडळात हे नाटक वाचावयाचे असल्यास पुढील तीन प्रश्नांवर चर्चा करावी, अशी सूचना आहे.

१. एलायझाने हिगिन्सशी लग्न करू नये, यासाठी शॉ यांनी दिलेल्या तीन कारणांपैकी कोणते नाटकातील प्रसंगांवरून सिद्ध होते? प्रत्येकाने एक प्रसंग दाखवावा.

२. शेवटच्या अंकात एलायझा सांगते की, मी स्वतः उच्चार शिकवून पोट भरीन. फ्रेडी आणि हिगिन्स दोघांनाही वगळून हा तिसरा मार्ग कथानकात बसतो काय?

३. एलायझाची जुनी बोली तिच्या बापाबरोबर परत येते. ती तिची हार समजावी, की तिच्याजवळ अजून शिल्लक असलेली ठेव? या प्रश्नाला वडीलधाऱ्यांनी आणि तरुणांनी वेगवेगळी उत्तरे दिली, तर दोन्ही शांतपणे ऐकून घ्यावीत, आणि शक्य झाल्यास ज्याने त्याने आपापल्या भाषेत द्यावीत.