अनुभवांची देवघेव : रासायनिक अभियंत्यांच्या संस्था आणि त्यांचे कार्य

साखर कारखान्यात उसाचा रस आटवून दाट करतात. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात सोड्याचे द्रावण आटवितात. मिठागरात हेच काम ऊन करते. पदार्थ निराळे, कारखाने निराळे. परंतु कृती एकच, ती म्हणजे बाष्पीभवनाची. गाळणे, वाळविणे, दळणे, ऊर्ध्वपातन करणे ह्या कृतींविषयीही असेच म्हणता येईल. आज ही गोष्ट शाळेतील मुलासही पटेल. परंतु ती सुसंगतपणे मांडली जाण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर यावी लागली. कारखानदार आपापली रीत घराण्यातील औषधाप्रमाणे गुप्त ठेवीत. एकाची अडचण दुसऱ्याने पूर्वीच सोडविलेली असली, तरी पहिल्याला तिचा पत्ता लागत नसे.

ह्या भिंतींच्या आत जाण्याचा अधिकार ज्यांना कायद्याने मिळाला होता, त्यांपैकी जॉर्ज एडवर्ड डेव्हिस हे एक होत. त्या काळी सोडा बनविताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुराड्यांतून बाहेर पडे आणि भोवतालची शेते करपत. त्यास आळा घालण्यासाठी ब्रिटनमध्ये १८६३ साली अल्कली कायदा झाला व सरकारी निरीक्षक नेमले गेले. निरीक्षक म्हणून डेव्हिस ह्यांनी अनेक कारखाने पाहिले. त्यांना सर्वत्र त्याच कृती व त्याच चुका दिसल्या. रासायनिक अभियंत्यांची संस्था काढण्याचा त्यांचा १८८० सालचा प्रयत्न फसला. तथापि १८८१ मध्ये रासायनिक उद्योगांची एक व्यापक संस्था निघाली आणि डेव्हिस तिचे चिटणीस झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मँचेस्टर येथे बारा व्याख्याने दिली, आणि १९०१ साली त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सर्व उद्योगांना समान असलेल्या ह्या कृतींना पुढे १९१५ मध्ये आर्थर लिटल ह्या अमेरिकन अभियंत्याने ‘एकक क्रिया’ असे नाव दिले.

विचार रुजला तशा संस्थाही उभ्या राहिल्या. अमेरिकन रासायनिक अभियंत्यांची संस्था १९०८ साली फिलाडेल्फिया येथे, तर ब्रिटिश संस्था १९२२ साली स्थापन झाली. आपल्याकडे जादवपूर येथील अध्यापक डॉ. हीरालाल रॉय ह्यांच्या पुढाकाराने १९४७ साली भारतीय रासायनिक अभियंता संस्था स्थापन झाली. तिचे वार्षिक अधिवेशन वेगवेगळ्या शहरी भरते. निबंध वाचणे, नियतकालिके काढणे, शिक्षणाची पातळी राखणे ही अशा संस्थांची नेहमीची कामे होत. परंतु त्यांचे एक काम ह्या सर्वांहून मोलाचे आहे, आणि ते म्हणजे झालेल्या चुकीची वार्ता चारचौघांस सांगणे. हे काम किती निकडीचे आहे, हे पुढील दोन घटनांवरून कळून येईल.

इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यात फ्लिक्सबरो येथे नायलॉनसाठी लागणारा कच्चा माल बनविणारा कारखाना होता. त्यात सायक्लोहेक्झेन हा ज्वालाग्राही द्रव सहा मोठ्या पात्रांतून क्रमाने वाहत असे. हा द्रव एरवी ८१ अंश सेल्सिअसला उकळतो. तेथे तो दाबाखाली सुमारे १५५ अंशांपर्यंत तापविलेला असे. दाब सुटताच त्याची वाफ होणार, हे उघड आहे. १९७४ च्या मार्चमध्ये पाचव्या पात्राला तडा गेलेला आढळला. ते काढून चौथे व सहावे पात्र एका तात्पुरत्या नळीने जोडण्यात आले. पात्रे पायऱ्यांप्रमाणे वरखाली असल्यामुळे नळीला दोन बाक द्यावे लागले, आणि तिची दोन्ही टोके भात्यासारख्या लवचिक सांध्यांनी जोडली गेली. दोन्ही टोकांवरील दाबाचे जोर विरुद्ध दिशांना, पण एका रेषेत नव्हते. असे जोर नळीला पिळू पाहतात. हे गणित कोणी मांडलेच नाही. नळीचा आराखडा कर्मशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेला होता. कारखान्याच्या मुख्य अभियंत्याची जागा त्या वेळी रिकामी होती.

१ जून १९७४ रोजी नळी निखळली. बाहेर पडलेल्या वाफेने पेट घेतला आणि प्रचंड स्फोट झाला. २८ माणसे मृत्यू पावली. दिवस शनिवारचा होता म्हणून कचेऱ्या रिकाम्या होत्या. अन्यथा ही संख्या कितीतरी वाढली असती.

चौकशीतून निघालेला धडा व्यवसायाने आपलासा केला : बदल लहान असो वा तात्पुरता, मूळ रचनेइतकीच त्याची तपासणी झाली पाहिजे. ब्रिटिश संस्थेने अपघातांच्या वार्तांची एक पत्रिकाही सुरू केली. तीत पुष्कळदा कारखान्याचे नाव देत नाहीत. कारण दोष कोणाचा ह्यापेक्षा तो का घडला हे कळणे अधिक अगत्याचे असते. एका मोठ्या कंपनीचे सुरक्षा सल्लागार ट्रेव्हर क्लेट्झ हेही अशीच मासिक पत्रके काढीत. १९७७ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : घातक पदार्थ सांभाळण्याची दक्षता घ्यावी हे खरे, पण तो इतका मोठ्या प्रमाणात बाळगावाच कशाला? फ्लिक्सबरो येथे एका फेरीत द्रवाचा सुमारे ६ टक्के भागच रूपांतरित होई. उरलेला पुनःपुन्हा फिरवावा लागे. साठा मोठा होता तो ह्यामुळेच.

ही वार्ता छापलेली होती, पण ती सर्वत्र मनावर घेतली गेली नाही. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले व विषारी वायू वस्तीत पसरला. हजारो माणसे दगावली. हा पदार्थ विकावयाचा माल नव्हता. कीटकनाशक बनविताना मध्ये तयार होणारा तो टप्पा होता, आणि टाकीत तो सुमारे ४० टन होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणाही बंद होती. त्यानंतर १९८५ मध्ये अमेरिकन संस्थेने प्रक्रिया-सुरक्षिततेचे खास केंद्र उघडले. आपल्या देशात १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांची माहिती कामगारांस व शेजारच्या रहिवाशांस देणे मालकांवर बंधनकारक ठरले.

डेव्हिस ह्यांच्या काळी कारखान्यातील ज्ञान दारापाशीच थांबत असे. संस्थांनी ते एका अभियंत्याकडून दुसऱ्याकडे पोहोचविले. भोपाळनंतर ते कुंपणापलीकडच्या घरांपर्यंत पोहोचावे असे कायद्याने ठरविले. मात्र पत्रिका छापून निघाली म्हणजे कार्य संपले असे नव्हे. अनुभवी माणसे निवृत्त होतात, नवी येतात, आणि जुनी चूक पुन्हा घडते. म्हणून तीच वार्ता प्रत्येक पिढीला नव्याने सांगावी लागते, आणि ऐकणाऱ्याने ती आपल्याच कारखान्याची आहे असे समजून ऐकावी लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. निरनिराळ्या उद्योगांत समान असलेल्या तीन एकक क्रिया सांगा. त्यांपैकी कोणत्या तुमच्या स्वयंपाकघरात आढळतात?
२. फ्लिक्सबरो येथील नळीवर पिळणारा जोर का उत्पन्न झाला, हे आकृती काढून स्पष्ट करा.
३. अपघाताच्या वार्तेत कारखान्याचे नाव न दिल्याने कोणता लाभ होतो? त्यात कोणता तोटा संभवतो?