थव्यातील निराळा कुरव

१९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाल्यापासून भिगवणच्या बाजूस भीमेचे पात्र विस्तीर्ण झाले असून हिवाळ्यात तेथे कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांत तपकिरी डोक्याचा कुरव पुष्कळ आढळतो. लडाख, तिबेट येथील उंचावरील सरोवरांकाठी त्याची वीण होते. काठावरील शाळांना निसर्गाभ्यासाचा हा पाठ विनासायास लाभतो.

पाठाच्या आरंभीच मुले विचारतात, "गुरुजी, डोके तपकिरी कोठे आहे?" प्रश्न रास्त आहे. ती टोपी विणीच्या हंगामातील होय. थंडीत डोके पांढरे होऊन डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. त्याच थव्यात मिसळणाऱ्या काळ्या डोक्याच्या कुरवाचेही तसेच. (गंमत अशी की, याचे उन्हाळी डोकेही वस्तुतः गडद तपकिरीच असते!) तेव्हा नावावर न विसंबता पक्षी उडेपर्यंत थांबावे. पहिल्याच्या पंखांची टोके बरीच काळी असून त्यांत ठसठशीत पांढरे ठिपके असतात. दुसऱ्याच्या पंखाच्या पुढील कडेस लांब पांढरा पट्टा दिसतो. पहिल्याचे बुबुळ फिकट असते, ही खूण प्रौढ पक्ष्यापुरतीच खरी. त्याच्या पिलाचे बुबुळ गडद असते आणि पंखांवर ते पांढरे ठिपकेही नसतात.

आता समजा, एखादा मुलगा म्हणाला, "तो एक निराळा आहे." अशा वेळी "तोही कुरवच" असे सांगून त्यास खाली बसविण्याचा मोह आपणांस होतो. तसे करू नये, आणि घाईने नावही सांगू नये. प्रथम विचारावे, शेजारच्या पक्ष्याहून तो केवढा आहे? पाण्यावर अंतराचा अंदाज फसतो; शेजारी हेच खरे माप.

आकार सारखाच, पण पंखांवर तपकिरी छटा व शेपटीच्या टोकास काळी पट्टी असेल, तर बहुधा ते त्याच थव्यातील पहिल्या हिवाळ्याचे पिलू असते. परंतु शेजारी कावळ्याएवढे आणि हा घारीएवढा वा तिच्याहून थोराड, चोच जाड व पिवळी, टोकाजवळ काळा-तांबडा रंग, पाय पिवळसर आणि डोळ्याभोवती काळसर मुखवटा, असे असेल तर मुलाची दृष्टी अचूक ठरली. तो पल्लासचा कुरव. रशियाच्या सेवेतील जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पल्लास याने १७७३ साली त्याचे वर्णन केले. हिवाळा सरता सरता याचे डोके खरोखरच काळे कुळकुळीत होते. मात्र प्रौढ पिसारा येण्यास त्याला तीन-चार वर्षे लागतात. तोवर त्याच्याही शेपटीवर काळी पट्टी असते. तेथे आकार व चोच यांवरच भिस्त ठेवावी.

वहीत दिनांक, वेळ, जागा, शेजाऱ्याशी तुलना, चोच, पाय, पंख, शेपटी असे रकाने आखावेत. नावाचा रकाना शेवटी ठेवावा. तो कोरा राहिल्यास गुण कापू नयेत.