तिमजली लाकडी घराचे कॉन्डो : बोस्टन परिसरातील नवागतांसाठी

बोस्टन आणि त्याला लागून असलेली सॉमरव्हिल, केंब्रिज, मेडफर्ड, मॉल्डन ही नगरे, यांत जी मराठी कुटुंबे दीर्घकाळ स्थायिक आहेत त्यांपैकी पुष्कळांनी आपला परदेशातील पहिला संसार तिमजली लाकडी घराच्या एखाद्या मजल्यावर भाड्याने थाटला. आणि पुढे चार पैसे गाठीला जमल्यावर काहींनी तसलेच एखादे जुने घर विकत घेऊन, त्याचे स्वतंत्र मालकीच्या सदनिकांत म्हणजे कॉन्डोमध्ये रूपांतर करून, एक सदनिका स्वतःस ठेवली व बाकीच्या विकल्या. नव्याने येणारे तरुण-तरुणी या मार्गाची चौकशी करीत असतात, म्हणून त्या कुटुंबांनी सांगितलेल्या गोष्टी येथे एकत्र केल्या आहेत. त्या सर्वांचे एका बाबतीत एकमत आहे : घराची फरशी, स्वयंपाकघर, खिडक्या यांचा विचार मागाहून करावा, नगरपालिकेच्या दप्तरी या घरात किती बिऱ्हाडे कायदेशीर आहेत आणि आज त्यात कोण राहत आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत.

ही घरे बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत बांधली गेली. एकावर एक तीन बिऱ्हाडे, पुढे-मागे लाकडी सज्जे, मागच्या अंगाला दुसरा जिना. मालक एका मजल्यावर राही आणि उरलेल्या दोन मजल्यांच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता फेडी. आयर्लंड, इटली, पोर्तुगाल येथून आलेल्या कष्टकऱ्यांना या घरांनी छप्पर दिले. आणि बाहेरून आलेल्या गरिबांची वस्ती आपल्या शेजारी नको, या भावनेपोटीच अनेक गावांनी 1912 च्या राज्य कायद्याचा आधार घेऊन अशी घरे बांधण्यास मनाई केली, हेही येथे सांगितले पाहिजे. पुढे झोनिंगचे, म्हणजे जमिनीच्या वापराचे नियम आले. प्लॉट किती मोठा असावा, कडेला किती जागा मोकळी सोडावी, गाड्या कोठे उभ्या कराव्यात हे ठरले. आणि त्याआधीच उभी असलेली ही घरे एका रात्रीत नियमबाह्य झाली. सुमारे 80 हजार वस्तीच्या सॉमरव्हिल शहरात तेथील नियोजन खात्याने जेव्हा तपासणी केली, तेव्हा निवासी प्लॉटांपैकी अवघे 22 प्लॉट शहराच्या स्वतःच्या झोनिंगमध्ये पूर्णपणे बसत असल्याचे 2016 साली उघड झाले. 2019 च्या अखेरीस त्या शहराने झोनिंगची संहिता नव्याने लिहिली, ती या पार्श्वभूमीवर.

अशी जुनी घरे पाडावी लागत नाहीत; नियम येण्यापूर्वीपासूनचा वापर चालू ठेवण्याचा हक्क त्यांना असतो. शिवाय झोनिंग पाहते ते वापराकडे, मालकीकडे नव्हे. तीन भाडेकरू राहोत वा तीन मालक राहोत, घर तीन कुटुंबांचेच राहते. न्यूटन शहराने कॉन्डो-रूपांतरावर घातलेला निर्बंध मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली याच तत्त्वावर अवैध ठरविला. यास्तव केवळ कॉन्डो करावयाचे म्हणून झोनिंगची परवानगी लागत नाही, असे दलाल सांगतात, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे; परंतु हा आधार उपयोगी पडतो तो बिऱ्हाडांची संख्या कायदेशीर असेल तरच.

मॉल्डनमधील एका कुटुंबाने पाहिलेल्या घराची हकिकत या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. तळघरात विजेचे तीन मीटर ओळीने लावलेले होते, दाराशी तीन घंटा होत्या, तिन्ही मजल्यांवर स्वयंपाकाचे ओटे होते, आणि जाहिरातीत तीन कुटुंबांचे घर असे स्वच्छ छापलेले होते. त्या गृहिणीने मात्र इमारत खात्यात जाऊन जुन्या परवान्यांची फाईल काढावयास लावली, तेव्हा कळले की परवाना दोनच बिऱ्हाडांचा होता. वरचा मजला म्हणजे मुळातला माळा, आणि त्यात ओटा व न्हाणीघर कोणीतरी कधीतरी परवानगीवाचून घातले होते. मीटर, घंटा, टपालपेटी यांपैकी कशानेही बिऱ्हाड कायदेशीर ठरत नाही. करआकारणीच्या नोंदीत तीन हा आकडा असला तरी तोही पुरावा नव्हे, कारण त्या खात्याचे काम कर बसविण्याचे आहे. इमारत खात्याचा वापर-दाखला आणि मूळ परवाने हेच खरे दस्तऐवज होत. त्या कुटुंबाने ते घर सोडून दिले, आणि योग्यच केले असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण दोन बिऱ्हाडांच्या घराच्या तीन सदनिका करून विकणे म्हणजे तिसऱ्या ग्राहकाच्या गळ्यात अस्तित्वात नसलेली वस्तू बांधणे होय.

माळा किंवा तळघर रीतसर बिऱ्हाडात बदलावयाचे असेल, अथवा मागे खोली वाढवावयाची असेल, तर मामला झोनिंग अपील मंडळापुढे जाण्याचा संभव असतो. राज्याच्या झोनिंग कायद्याने जुन्या नियमबाह्य घरांच्या फेरबदलांना जी खास सवलत दिली आहे ती एक किंवा दोन कुटुंबांच्या घरांपुरती आहे, तिमजल्याला ती लागू नाही; आणि बोस्टन शहर तर त्या कायद्याखाली येतच नाही, त्याचे झोनिंग 1956 च्या स्वतंत्र कायद्यावर उभे आहे. मंडळाकडून विशेष परवाना मिळणे शक्य कोटीतले असते; नियमातून पूर्ण सूट मिळविण्यासाठी मात्र जमिनीचा आकार, उतार किंवा माती यांमुळेच विशेष अडचण होते असे सिद्ध करावे लागते, आणि पैसा अधिक सुटेल हे कारण तेथे चालत नाही. सुनावणीची नोटीस शेजाऱ्यांना जाते. ती जाण्यापूर्वी आपण स्वतः त्यांच्या दारी जाऊन नकाशा दाखवावा. आडपडदा न ठेवता केलेल्या या गाठीभेटींनी निम्मा विरोध मावळतो, असा अनुभव एकापेक्षा अधिक कुटुंबांनी सांगितला. निकाल नगर-लेखनिकाकडे दाखल झाल्यापासून 20 दिवस अपिलाची मुदत असते. ती उलटेपर्यंत हातोडा उचलू नये.

आता भाडेकरूंविषयी. या राज्यातील भाडेनियंत्रण 1994 च्या सार्वमताने संपुष्टात आले. तथापि कॉन्डो-रूपांतरात भाडेकरूला जे संरक्षण आहे ते 1983 च्या कायद्याने दिलेले असून आजही चालू आहे. चार किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतीत भाडेकरूला एक वर्षाची लेखी नोटीस द्यावी लागते. 62 वर्षे व त्यावरील वृद्ध, अपंग आणि अल्प वा मध्यम उत्पन्नाचे भाडेकरू यांना दोन वर्षांची. त्या काळात भाडे मनमानी वाढविता येत नाही. राहती सदनिका विकत घेण्याचा पहिला हक्क 90 दिवसांपर्यंत भाडेकरूचाच असतो, आणि तोही बाहेरच्या ग्राहकाला देऊ केल्या असतील त्याहून वाईट नसलेल्या अटींवर; शिवाय घर बदलण्याचा खर्चही द्यावा लागतो. हा कायदा तिमजल्यांना लागत नाही असे समजून कित्येक जण निर्धास्त राहतात, परंतु त्याच कायद्याने शहरांना अधिक कडक नियम करण्याची मुभा दिली आहे. सॉमरव्हिलचा वटहुकूम लहान घरांनाही लागू होतो, वृद्ध, अपंग व अल्पउत्पन्न भाडेकरूंना पाच वर्षांची मुदत देतो, भरपाईची रक्कम राज्याच्या रकमेच्या कितीतरी पटींनी अधिक ठेवतो, आणि त्यासाठी स्वतंत्र परवाना-मंडळ नेमतो. म्हणून ज्या नगरात घर घ्यावयाचे तेथील वटहुकूम मूळ शब्दांत वाचावा.

कायद्यापलीकडेही येथे एक कर्तव्य आहे, आणि ते सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही. मधल्या मजल्यावर तीस वर्षे राहिलेली वृद्ध स्त्री, जिचा दवाखाना, चर्च आणि किराण्याचे दुकान त्याच चार गल्ल्यांत आहे, तिला रिकाम्या घराचा भाव अधिक येतो एवढ्यासाठी उठविणे हे आपणांस शोभणारे नव्हे. मेडफर्डमधील एका जोडप्याने अशा बाईंची सदनिका विकलीच नाही. दोन मजल्यांचे दोन व्यवहार केले, मधली सदनिका स्वतःच्या नावे ठेवून बाईंचे भाडे पूर्ववत चालू ठेवले, आणि हिशेब थोडा उशिरा जुळला तरी जुळला. पहिल्या दिवसापासून हिशेब मांडतानाच ही शक्यता धरावी, म्हणजे पुढे कर्जाच्या दडपणाखाली कोणाला घराबाहेर काढण्याची पाळी येत नाही.

कागदपत्रांचा भाग त्या मानाने सरळ आहे. महाराष्ट्रात आपणांस सहकारी गृहनिर्माण संस्थेची सवय असते. तेथे सामान्यतः जमीन व इमारत संस्थेची, आणि सभासदाकडे भागपत्र. कॉन्डोत सदनिका तुमची स्वतःची, आणि जमीन, छप्पर, जिना, तळघर यांत तुमचा अविभक्त हिस्सा. आपल्याकडच्या 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याशी याचे साम्य आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये हे सर्व राज्याच्या कायदेसंहितेतील प्रकरण 183-ए खाली चालते : मास्टर डीड म्हणजे कॉन्डोचा मूळ दस्त, मजल्यांचे नकाशे आणि सदनिकामालकांच्या ट्रस्टचा दस्त रजिस्ट्रीत नोंदविले की कॉन्डो अस्तित्वात येते. प्रत्येकाचा हिस्सा सदनिकेच्या मूल्याच्या प्रमाणात ठरतो, आणि दुरुस्तीचा राखीव निधी ठेवणे कायद्यानेच आवश्यक आहे. दोनच मालक असतील तर मतभेदात कोंडी होते, यासाठी लवादाचे कलम दस्तात आधीच घालून घ्यावे.

घर 1978 पूर्वीचे असेल, आणि ही सारी तशीच आहेत, तर रंगात शिसे असण्याचा संभव धरावा. सहा वर्षांखालील मूल तेथे राहावयाचे असल्यास शिसे काढणे किंवा झाकणे मालकावर बंधनकारक आहे. मागच्या जिन्याचे लाकूड, जुन्या विजेच्या तारा आणि तळघरातील ओल जाणत्या तपासनिसाकडून पाहून घ्यावी.

शेवटची सूचना सर्वांनी आग्रहाने सांगितली. येथे खरेदीचा प्रारंभ एका लहानशा ऑफरच्या कागदाने होतो, आणि करारनामा तर पुढे व्हावयाचाच आहे अशा समजुतीने नवागत त्यावर दलालाच्या टेबलाशी सही करून मोकळे होतात. परंतु असा सही झालेला कागदही बंधनकारक ठरू शकतो, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली दिला आहे. म्हणून वकील ऑफरच्या आधी गाठा, इमारत खात्यातील परवान्यांच्या नकला आणि भाडेकरूंची यादी त्याच्या हाती द्या, आणि त्याने होय म्हटल्यावरच सही करा.