संगणक मराठी कसा शिकला?



‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ हे वाक्य निबंधात लिहिले नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. पण या संगणकाला आपली भाषा कधीपासून येऊ लागली, याचा विचार सहसा कोणी करत नाही. मराठी घरात आणि गुजराती शेजारात वाढणाऱ्या बडोद्याच्या मुलांनी तो जरूर करावा.

भारतात संगणक तसे लवकर आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली सुरू झाला. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढून निवडक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे संगणक दिले. त्यांची स्मृती अवघी ३२ किलोबाइट! आज मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. पण या सर्व यंत्रांशी बोलायचे ते इंग्रजीतच.

याचे कारण समजून घेऊ. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त संख्या कळते. इंग्रजी कॅपिटल ‘ए’ म्हणजे त्याच्या लेखी ६५. इंग्रजीची २६ अक्षरे, लहान आणि मोठी धरून, सहज मावतात. आपल्याकडे स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, आणि वर जोडाक्षरे! छापखान्यात मराठी मजकूर जुळवायला कंपोझिटरला शेकडो वेगवेगळे खिळे लागत, ते यामुळेच. प्रत्येक जोडाक्षराला वेगळी संख्या द्यायची म्हटली तर यादी संपायची नाही.

यावर कानपूरच्या आयआयटीमध्ये १९८०च्या दशकात उत्तर शोधले गेले. जोडाक्षर साठवायचेच नाही. मूळ अक्षरे क्रमाने साठवायची आणि पडद्यावर दाखवताना ती जोडायची. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्ताची खूण आणि ष. आपण बाराखडी शिकताना हेच करतो. हे ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. तिची स्थापना १९८८ची. संगणकात एक कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटू लागे. १९९१ साली ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक झाली, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी निघालेल्या ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीलाही जागा मिळाली. तिथे ‘क’ची संख्या २३२५ आहे.

आता बडोद्यासाठी एक गंमत. गुजराती ‘क’ची संख्या २७०९. वजाबाकी करा : ३८४. ‘म’ घ्या, ‘ळ’ घ्या, फरक तोच! दोन्ही लिप्या एकाच क्रमाने मांडल्या आहेत. फक्त मराठीच्या ‘ऱ’समोरची गुजराती जागा रिकामी आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हा भेद दाखवण्यासाठी आपल्याला तो लागतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवून कसे चालेल?

मानक ठरले तरी घरोघरच्या संगणकांत ते यायला वेळ लागला. विंडोजमध्ये देवनागरी ‘विंडोज २०००’पासून आली, गुजराती २००१च्या ‘एक्सपी’पासून. तोवर डीटीपीवाल्यांनी वेगळीच युक्ती चालवली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेले फाँट निघाले. छपाई सुरेख होई, पण संगणकाच्या मते तो मजकूर इंग्रजीच! तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. त्या काळात जुळवलेल्या स्मरणिका, वार्षिक अंक, सभासदांच्या याद्या आजही अनेक संस्थांच्या कपाटांत सीडींवर पडून आहेत. कागदावरची प्रत वाचता येते, फाईल वाचता येत नाही. विश्वस्तांनी याकडे लक्ष द्यावे असे सुचवावेसे वाटते. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण सीडीच खराब झाली तर बदलणार काय?

कामांवरही परिणाम झाला. खिळे जुळवणाऱ्यांचे काम गेले. काही जण डीटीपी शिकले, सर्वांना ते जमले नाही. शाळेत स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईलवर प्रश्नपत्रिका काढणेही संपले. दुसरीकडे भाषांतर, उपशीर्षके, ध्वनिमुद्रणांचे लेखन अशी नवी कामे निघाली. त्यांना दोन लिप्या शुद्ध लिहिणारी माणसे लागतात. आपल्या मुलांकडे हे भांडवल घरातूनच आलेले आहे.

पण बहुतेक मुले मोबाईलवर मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. ‘के, ए, एल’ एवढे लिहिले तर ते काल की काळ, कल की कळ? बोलताना ल आणि ळ वेगळे ऐकू येतात, लिहिताना एक होतात. मराठीचा लेखी सराव ज्या मुलांना आधीच कमी, त्यांचे यात जास्त नुकसान आहे.

घरी करून पाहा : संगणकाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक निवडा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘के’ची कळ दाबा, मग ‘सी’ची, मग शिफ्ट धरून ‘एन’ची : ‘कमळ’ उमटेल. आता भाषा बदलून गुजराती घ्या आणि त्याच कळा त्याच क्रमाने दाबा. काय उमटले ते वहीत लिहून आणा. ‘दऱ्या’ कसे लिहायचे ते स्वतः शोधा. सूचना एवढीच, की ‘र’ ‘जे’च्या कळीवर आहे.