लहान मुलांना आगीची ओळख

आग लागायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: जळणारा पदार्थ, हवेतला ऑक्सिजन आणि पेट घेण्याइतकी उष्णता. यातली एक काढून घेतली की आग विझते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे नुसते सांगून कळत नाही, पण पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घातला की ज्योत लहान होत विझताना दिसते. कढईतले तेल पेटले तर गॅस बंद करून झाकण का घालतात, पाणी का ओतत नाहीत, हे पुढे समजावता येते. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या धुराला पेटती काडी लावली तर ज्योत उडी घेऊन वातीवर येते, कारण जळते ती मेणाची वाफ. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवरच व्याख्याने दिली, यात नवल नाही. काडी मात्र मोठ्यांनीच ओढावी. काडेपेटी, लायटर मुलांच्या हाती लागू नयेत.

‘हात लावू नकोस, भाजेल’ एवढ्या धाकावर भागत नाही. घाबरलेले मूल आग लागली की पलंगाखाली किंवा कपाटात लपते आणि शोधणाऱ्यांना सापडत नाही. म्हणून लपायचे नाही, हाका मारत बाहेर पडायचे, खेळण्यासाठी मागे फिरायचे नाही, हे त्याच्या मनावर ठसवावे. तापलेला धूर वर चढतो, त्यामुळे जमिनीलगत रांगत जायचे. कपडे पेटले तर पळायचे नाही. थांबायचे, आडवे व्हायचे, हातांनी तोंड झाकून लोळायचे. चटईवर खेळ म्हणून हे वरचेवर करून घ्यावे. ऐन वेळी आठवते ते अंगवळणी पडलेलेच.

मुलांची त्वचा पातळ असते. मोठ्यांना सोसवणाऱ्या चहानेही ती खोल भाजते. फुलबाजी विझल्यावरही तार तापलेली राहते. ती पाण्याच्या बादलीतच टाकावी.

भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बाकीचे अंग उबदार ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीही लावू नये. चिकटलेले कपडे ओढू नयेत, फोड फोडू नयेत. चेहरा, हात, सांधे किंवा जांघेत भाजले असेल, जखम मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, विजेचा धक्का बसला असेल किंवा धूर छातीत गेला असेल, तर तडक रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१.