‘कन्सल्टेशन’ आणि ‘कन्सेंट’

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर, मुरबाड तालुक्यात वैशाखरे हे गाव आहे. शेजारचा शहापूर तालुका संपूर्णपणे, तर मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन लागते, तेव्हा ग्रामसभेपुढील कागदपत्रांत दोन इंग्रजी शब्द हमखास भेटतात : ‘कन्सल्टेशन’ आणि ‘कन्सेंट’. मराठी टिपणीत दोहोंसाठी ‘मान्यता’ हा एकच शब्द योजण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा.

‘कन्सल्टेशन’ म्हणजे विचारविनिमय. संबंधितांना माहिती द्यावयाची, त्यांचे मत ऐकावयाचे व त्याचा प्रामाणिकपणे विचार करावयाचा. परंतु अखेरचा निर्णय विचारणाऱ्याचाच. ‘कन्सेंट’ म्हणजे संमती. येथे नकार देण्याचा अधिकार समोरच्याकडे असतो आणि नकार आला की काम पुढे सरकत नाही.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. 1996 च्या ‘पेसा’ अधिनियमाने अनुसूचित क्षेत्रात भूमिसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय आवश्यक ठरविला. 2013 च्या भूमिसंपादन अधिनियमाच्या कलम 41 ने मात्र ‘पूर्वसंमती’ हा शब्द घातला. सतरा वर्षांत एक शब्द बदलला आणि ज्याचे मत केवळ ऐकावयाचे होते, त्याच्या हाती नकार आला.

अशा शब्दाचे वजन किती, हे न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या वादातही दिसले. संविधान सभेत 24 मे 1949 रोजी सरन्यायाधीशांची सहमती अनिवार्य करण्याची सूचना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमान्य केली. संविधानात ‘विचारविनिमय’ राहिला. पुढे 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्याच शब्दाचा अर्थ लावताना सरन्यायाधीशांच्या मतास प्राधान्य दिले. शब्द तोच राहिला, नेमणुकीची सत्ता मात्र सरकली. तो अर्थ लावण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा होता. टिपणी लिहिणाऱ्या लिपिकाचा नव्हे.

म्हणूनच ठरावाची भाषा महत्त्वाची. ‘चर्चा होऊन मान्यता देण्यात आली’ एवढेच नोंदविल्यास ग्रामसभेने माहिती ऐकली की जमीन देण्यास होकार दिला, हे वर्षांनंतर कोणालाच सांगता येणार नाही. प्रकल्पाची कोणती माहिती मराठीत वाचून दाखविली, हरकती कोणत्या आल्या आणि संमती दिली की नाकारली, ही वाक्ये निरनिराळी लिहावीत. विचारविनिमयाच्या सभेचे हजेरीपत्रक संमतीचा पुरावा म्हणून जोडणे तर सर्वथा गैर होय.

संपादन कोणत्या कायद्याखाली होत आहे, हेही आधी पाहावे. वैशाखऱ्यावरून जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखालील संपादनास 2013 च्या अधिनियमातील भरपाई व पुनर्वसनाच्या तरतुदी लागू केलेल्या असल्या, तरी संमतीचे कलम तेथे आपोआप लागू होत नाही. नोटिशीत कायद्याचे नाव व कलम दिलेले असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सभेत प्रथम तेच वाचून दाखवावे.